उभ्या गाडीची बॅटरी आणि ऊन

उभी गाडी काहीच करत नाही, असे फक्त बघणाऱ्याला वाटते. बॉनेटखाली किंवा सीटखाली बसवलेली शिसे-आम्लाची बॅटरी तेव्हाही खर्च होतच असते. हा खर्च दोन वाटांनी होतो. एक वाट बॅटरीच्या आतली. तारा सोडून ठेवल्या तरी प्लेटा आणि ॲसिड यांचे आपापसात काही ना काही चालू राहते, आणि २५ अंश तापमानाला चांगली बॅटरीही महिन्याला शेकडा तीन ते पाच इतकी आपोआप उतरते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. दुसरी वाट गाडीची. घड्याळ, चोराला घाबरवणारा अलार्म, रिमोटच्या हाकेसाठी जागे राहिलेले दाराचे सर्किट, इंजिनाच्या कॉम्प्युटरची स्मरणशक्ती, ही सगळी मंडळी मिळून आजच्या मोटारीत २० ते ५० मिलिॲम्पियर घेतात. आकडा किरकोळ दिसतो. पण ४० मिलिॲम्पियर म्हणजे दिवसाला जवळपास एक ॲम्पियर-तास, आणि छोट्या मोटारीची बॅटरी असते ३५ ॲम्पियर-तासांची. अडीच आठवड्यांत ती निम्म्यावर येते.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत शहरांतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हा हिशेब एकाच वेळी अनेकांना कळला. किल्ली फिरवली की इंजिनाच्या गुरगुरण्याऐवजी नुसते कट्-कट् ऐकू येई. ट्रॅक्टरला ही कथा जुनी आहे. पेरणी आटोपली की तो शेडमध्ये लागतो आणि पुन्हा कामाची वेळ येते तेव्हा सेल्फ उचलत नाही. परदेशी गेलेल्या मुलाची गाडी सांभाळणारे आईवडील आठवड्यातून एकदा सेल्फ मारून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतात. या रीतीने सुरू करण्याचा खर्च भरून निघतो, पण आठवड्याची गळती भरून निघत नाही. शिवाय पेट्रोल जळते ते वेगळेच. अशा गाडीला खरी गरज असते ती दररोज थोडी थोडी, न चुकता भर घालण्याची, आणि ते काम एका लहानशा सौर पॅनेलला सहज जमते. अट एवढीच, की भर किती घालायची आणि कुठे थांबायचे हे कोणीतरी पाहत असले पाहिजे.

उन्हाचा आणि या बॅटरीचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये एकोणीस वर्षांच्या एडमंड बेकरेलला वडिलांच्या प्रयोगशाळेत असे दिसले, की आम्लाच्या द्रावात बुडवलेल्या पट्ट्यांवर उजेड पडला की वीज वाहते. पुढे याच बेकरेलच्या हाताखाली १८५४मध्ये गॅस्टन प्लांते नावाचा साहाय्यक लागला. त्याने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या घातल्या, सगळ्याची गुंडाळी केली आणि ती सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी ती. उजेडापासून वीज निघते हे गुरूने पाहिले आणि वीज साठवायची कशी हे शिष्याने. मात्र त्या काळी प्लांतेची बॅटरी भरायची तर जस्ताच्या साध्या बॅटऱ्या खर्ची घालाव्या लागत, आणि पत्रे नीट तयार व्हायला महिनोन्‌महिने भर-उतार करत राहावे लागे. १८८१मध्ये कामिल फोर याने शिशाच्या संयुगाचा लेप पत्र्यावर थापण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे हे प्रकरण कारखान्याच्या आवाक्यात आले. कामाचा सिलिकॉन सौर सेल १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जगापुढे आला. तोवर गुरू-शिष्यांना जाऊन साठाहून अधिक वर्षे लोटली होती. प्लांतेचे नाव आणखी एका ठिकाणी टिकून आहे. तरुणपणी पॅरिसजवळ त्याला एका प्रचंड, न उडणाऱ्या पक्ष्याचे जीवाश्म सापडले आणि १८५५मध्ये त्या पक्ष्याला ‘गॅस्टॉर्निस’ असे नाव देण्यात आले. बॅटरीच्या दुकानात प्लांतेचे नाव कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण दुकानातल्या प्रत्येक काळ्या डब्यात आत चाललेले काम अजून त्याच माणसाचे आहे.

ते काम असे. भरलेल्या बॅटरीत पॉझिटिव्ह प्लेटेवर तपकिरी शिसे डायऑक्साइड असते आणि निगेटिव्हवर करडे, स्पंजासारखे सच्छिद्र शिसे. बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर पांढरे शिसे सल्फेट जमते आणि ॲसिडमधला सल्फेट प्लेटांवर गेल्यामुळे ॲसिड पातळ होत जाते. चार्जिंग म्हणजे हीच वाट उलटी चालणे. सल्फेट ताजे, बारीक कणांचे असते तोवर ते मुकाट्याने परत विरघळते. आठवडे, महिने तसेच राहिले तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, वीज त्यांना दाद देत नाही. ‘बॅटरी सल्फेट झाली’ असे मेकॅनिक म्हणतो ते याला. म्हणजे उभ्या गाडीच्या बॅटरीला मारतो तो वापर नसतो, अर्धवट रिकामे पडून राहणे मारते. उलट टोकाला, गरजेपेक्षा जास्त भरत राहिले तर पाणी फुटून वायू होतात, पॉझिटिव्ह प्लेटेची शिशाची जाळी गंजते आणि प्लेटेवरचा लेप झडून तळाशी गाळ साचतो. सुरक्षित चार्जिंगचा सगळा विषय या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्टीत मावतो.

बॅटरी त्या पट्टीत कुठे आहे हे कळायला मल्टिमीटर पुरतो, फक्त घाई नको. गाडी नुकतीच बंद केली असेल किंवा चार्जर नुकताच काढला असेल, तर मीटर खोटा उत्साह दाखवतो. काही तास, जमल्यास रात्रभर थांबून मोजावे. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पावच्या आसपास. रिकामी आणि भरलेली यांच्यात जेमतेम एका व्होल्टाचे अंतर आहे, त्यामुळे स्वस्त मीटरचा दशांशातला घोळही मोठी चूक ठरतो. ज्या बॅटरीची बुचे उघडतात तिला हायड्रोमीटर अधिक खरे बोलायला लावतो. दूध संकलन केंद्रावर दुधात पाणी किती हे लॅक्टोमीटर सांगतो, तसाच हा काचेच्या नळीतला तरंगता काटा ॲसिडमध्ये पाणी किती ते सांगतो. भरलेल्या सेलमध्ये घनता १.२५ ते १.२८ भरते (उष्ण प्रदेशासाठीच्या बॅटरीत ॲसिड मुद्दाम जरा पातळ ठेवतात), निम्म्या सेलमध्ये १.२०च्या आसपास. हायड्रोमीटरचा मोठा फायदा असा, की तो बॅटरीतल्या सहाही सेलचा वेगवेगळा जबाब घेतो. व्होल्टमीटरला बेरीज दिसते, बेरजेत दडलेला एक नादार सेल दिसत नाही.

आता पॅनेल. बाजारात ‘१२ व्होल्टचे पॅनेल’ म्हणून जे मिळते त्याचे नाव जरा फसवे आहे. त्यात ३६ सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. काही न जोडता भर उन्हात मोजले तर २१-२२ व्होल्ट येतात आणि काम करताना १७-१८. बाराच्या बॅटरीला अठराचे पॅनेल कशाला, याचे उत्तर चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात मिळते. पॅनेलवर छापलेले आकडे सेलचे तापमान २५ अंश धरून काढलेले असतात. पत्र्यावर ठेवलेले काळे पॅनेल दुपारी ६०-६५ अंशांपर्यंत सहज तापते आणि दर अंशामागे त्याचा व्होल्टेज शेकडा ०.३ ते ०.४ इतका घटतो. अठराचे साडेपंधरा होतात. त्यातून डायोड आणि तारा आपापला वाटा घेतात, आणि बॅटरीला शेवटी हवे असतात १४.४ व्होल्ट. छापील आकड्यातली उधळपट्टी ही अशी गरजेपुरतीच निघते. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त हा समज अर्धाच खरा आहे. उजेड प्रखर हवा, उष्णता नको. डिसेंबरातल्या स्वच्छ दुपारी पॅनेलचा व्होल्टेज मे महिन्यापेक्षा चांगला असतो. एके काळी ३०-३२ सेलची पॅनेल निघत, मध्ये भर आवरणारा कंट्रोलर न लावता थेट बॅटरीला जोडण्यासाठी. बॅटरी भरत आली की तिचा वाढता व्होल्टेजच त्यांना थोपवेल अशी कल्पना होती. उन्हाळ्यात ती अपुरी पडत आणि बॅटरी कायमची अर्धपोटी राही.

पॅनेलचा स्वभाव बॅटरीच्या नेमका उलटा आहे. पॅनेलच्या दोन तारा एकमेकींना लावल्या तरी विशेष काही होत नाही. नेहमीच्या प्रवाहापेक्षा जरासा जास्त प्रवाह वाहतो, इतकेच. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो ॲम्पियर धावतात, पाना लाल होतो, चिकटतो, हातातली अंगठी असेल तर बोट भाजते. म्हणून फ्यूज लावायचा तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात. पॅनेलच्या बाजूला फ्यूज लावून निर्धास्त होणारे बरेच दिसतात, पण तार कुठे घासून उघडी पडली तर आग लावण्याची ताकद पॅनेलकडे नसून बॅटरीकडे असते. रात्री आणखी एक उलटापालट होते. अंधारात पॅनेल स्वतःच बॅटरीतून थोडी वीज ओढते. ती अडवायला मध्ये एक डायोड असावा लागतो, कंट्रोलरमध्ये ही सोय बहुधा आतच असते. आणि सावलीचे म्हणाल तर, सेल एका ओळीत असल्यामुळे एका सेलवर पडलेले लिंबाचे पान किंवा कावळ्याची शिट सगळ्या ओळीचा प्रवाह खाली ओढते. पॅनेल आकाराने मोठे घेण्यापेक्षा ते पुसून, सावलीबाहेर, दक्षिणेकडे तोंड करून पंधरा-वीस अंश कलते ठेवणे महाराष्ट्रात जास्त फळते.

पॅनेलला ‘पुरे’ कळत नाही आणि बॅटरीला ‘नको’ म्हणता येत नाही. या दोन मुक्यांच्या मध्ये चार्ज कंट्रोलर बसतो, आणि खरे तर सौर चार्जरमध्ये त्याचे मोल पॅनेलपेक्षा अधिक आहे, जरी विकताना नेहमी पॅनेलचे वॅट सांगितले जातात. कंट्रोलरचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात तो पॅनेल देईल तितके सगळे आत सोडतो आणि बॅटरीचा व्होल्टेज चढत चढत १४.४च्या आसपास येतो. दुसऱ्यात तो व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि बॅटरी घेईल तेवढेच तिला देतो. प्रवाह हळूहळू आटत जातो. तो क्षमतेच्या शेकडा एक-दोनवर आला की तिसरा टप्पा, १३.५ ते १३.८ व्होल्टांवर नुसते राखण करण्याचा. या राखणीत बॅटरी महिनोन्‌महिने राहिली तरी बिघडत नाही. अडचण दुसऱ्या टप्प्याची. पहिले ऐंशी टक्के भरायला जितका वेळ लागतो, जवळपास तितकाच शेवटच्या वीस टक्क्यांना लागतो. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या चार्जरला त्याचे काही नाही, तो रात्रभर लागलेला असतो. उन्हाच्या चार्जरचा दुसरा टप्पा नेमका दुपारी उशिरा सुरू होतो, आणि तोवर सूर्य उतरणीला लागलेला असतो. मग उरलेले काम उद्यावर जाते, उद्याचे परवावर. उभ्या गाडीला हे चालते, कारण तिला घाई नसते. रोज वापरून रोज रिकामी होणाऱ्या बॅटरीचे मात्र यात हाल होतात.

कंट्रोलर दोन जातींचे मिळतात. पीडब्ल्यूएम हा साधा आणि स्वस्त. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली खेचतो, त्यामुळे १०० वॅटच्या पॅनेलमधून बॅटरीत ७०-७५ वॅटच उतरतात. एमपीपीटी हा महागडा, जास्तीच्या व्होल्टेजचे प्रवाहात रूपांतर करून घेणारा. दहा-वीस वॅटच्या पॅनेलला तो लावणे म्हणजे पैशाला पैसा लावणे. स्वस्तातही एक गोष्ट मात्र पाहून घ्यावी, ती म्हणजे तापमानाची जाण. बॅटरी जितकी गरम तितके तिला कमी व्होल्टेजला भरावे लागते. दर अंशामागे बारा व्होल्टांच्या बॅटरीला साधारण २४ मिलिव्होल्ट कमी, असा हिशेब. २५ अंशाला १४.४ हवे असतील तर ४२ अंशाला १४च पुरतात. त्याच दुपारी १४.४ रेटले तर पाणी उकळल्यागत बुडबुडे येऊ लागतात. नाशिकच्या थंडीत पहाटेच्या १० अंशाला हिशेब उलटा फिरतो आणि पावणेपंधरापर्यंत जावे लागते. कंट्रोलर शेडच्या गार भिंतीवर आणि बॅटरी तापलेल्या बॉनेटखाली असेल, तर कंट्रोलरने मोजलेले तापमान त्याचे स्वतःचे असते, बॅटरीचे नव्हे. ज्याला तारेचा वेगळा सेन्सर आहे तो या बाबतीत बरा.

जोडण्याचा क्रम ठरलेला आहे. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. बॅटरी जोडली की कंट्रोलर जागा होतो आणि समोर १२ व्होल्ट आहेत की २४ हे ओळखतो. आधी पॅनेल जोडले तर त्याला वीस-एकवीस व्होल्ट दिसतात आणि तो गोंधळू शकतो. काढताना बॅटरी आधी सुटली तर ते वीस-एकवीस व्होल्ट अडवायला मध्ये कोणी राहत नाही, आणि तारा गाडीच्या वायरिंगमधून गेल्या असतील तर ते थेट इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचू शकतात. पॅनेलला बटण नसते, उजेड आहे तोवर ते चालूच. जोडाजोड करताना त्यावर एखादे गोणपाट टाकले की तेच त्याचे बटण.

धोक्यांत पहिला मान हायड्रोजनचा. बॅटरी भरत आली, म्हणजे साधारण १४.१ ते १४.४ व्होल्टांच्या पुढे गेली, की विजेला करायला सल्फेटचे काम उरत नाही आणि ती पाणी फोडू लागते. निगेटिव्ह प्लेटेवर हायड्रोजन, पॉझिटिव्हवर ऑक्सिजन. गरजेपेक्षा पाच ॲम्पियर-तास जास्त घातले तर बारा व्होल्टांच्या बॅटरीतून साडेबारा लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो आणि दहा मिलिलिटर पाणी कमी होते. पाण्याचा आकडा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, वायूचा भरायला हवा, कारण हवेत शेकडा चार हायड्रोजन मिसळला की ते मिश्रण ठिणगीने पेटते. त्याला ना वास ना रंग. तो हलका असल्यामुळे वर चढतो आणि बंद बॉनेटखाली, शेडच्या पत्र्याखाली साचतो. म्हणून चार्जिंग करताना बॉनेट उघडे, शेडचे दार उघडे, बुचांतली वायू जायची भोके मोकळी. बिडी तर नाहीच. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा होते तेव्हा चार्जर लावलेला असेल तर उदबत्ती बॉनेटजवळ खोचू नये, हे सांगणे अरसिकपणाचे वाटेल, पण सांगायला हवे. कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर तो हायड्रोजन नव्हे, सल्फाइडचा वायू. बॅटरी आतून फार तापल्याची, बहुधा एखादा सेल बिघडल्याची ती खूण. तेव्हा पॅनेल झाकावे, हवा खेळू द्यावी आणि बॅटरी निवेपर्यंत लांब राहावे.

ठिणगी टाळण्यासाठीच क्लिपांचाही क्रम आहे. लाल क्लिप पॉझिटिव्हला. मग काळी, पण ती बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावण्यापेक्षा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या किंवा चॅसिसच्या रंग नसलेल्या बोल्टला लावलेली बरी. शेवटचा सांधा जुळताना ठिणगी पडते. ती पडायचीच असेल तर वायूपासून लांब पडावी. काढताना काळी आधी. बॅटरीच गाडीतून उचलायची असेल तेव्हाही निगेटिव्ह आधी सोडतात, कारण गाडीचे सगळे अंग निगेटिव्हला जोडलेले असते. पॉझिटिव्ह सोडताना पाना अंगाला टेकला आणि निगेटिव्ह अजून जागेवर असेल, तर शॉर्ट झालाच.

ॲसिडचा त्रास ठिणगीसारखा क्षणात दिसत नाही. सुती शर्टाला लागलेला थेंब वाळतो आणि भोक धुतल्यावर सापडते. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी हातमोजे, जवळ बादलीभर स्वच्छ पाणी आणि वाटीभर खायचा सोडा, इतक्या तयारीला खर्च नाही. डोळ्यात उडाले तर सोडा नाही, फक्त पाणी, निदान पंधरा मिनिटे वाहते, आणि मग डॉक्टर. टर्मिनलवर जमणारी पांढरी-हिरवी पूड सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने निघते, वर व्हॅसलीनचा हात फिरवला की लवकर परतत नाही. त्यानंतर हात साबणाने धुवायचे, कारण त्या पुडीत शिसे असते. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीचे, नळाचे पाणी क्षार आणि लोह घेऊन येते. एसीतून ठिबकणारे पाणी गोळा करून घालणारे काटकसरी लोकही असतात, पण त्या पाण्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश उतरलेला असतो. चार्जिंगआधी प्लेटा उघड्या दिसत असतील तर बुडण्यापुरतेच पाणी घालावे, वरच्या रेघेपर्यंत चार्ज झाल्यावर. भरताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलेली बॅटरी ॲसिड बाहेर ओकते. त्यात ॲसिड मात्र कधी घालायचे नाही. उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच असते.

पॅनेल केवढे घ्यावे, हा प्रश्न बॅटरीकडे पाहून सोडवायचा असतो. दहा वॅटचे पॅनेल भर उन्हात अर्ध्या ॲम्पियरहून थोडे जास्त देते, दिवसाचे पाच तास चांगले ऊन धरले तर पावणेतीन ॲम्पियर-तास. उभ्या मोटारीच्या एका ॲम्पियर-तासाला ते भरपूर आहे. ट्रॅक्टरच्या ७५ ते १०० ॲम्पियर-तासांच्या बॅटरीला तोच अर्धा ॲम्पियर गुदगुल्यांइतका. पण मोटरसायकलच्या चार ॲम्पियर-तासांच्या बॅटरीला तेच पॅनेल कंट्रोलरवाचून जोडले, तर काही दिवसांत पाणी संपते. निम्मी उतरलेली मोटारीची बॅटरी पूर्ण भरायची म्हणजे गळती-घट धरून वीसेक ॲम्पियर-तास. वीस वॅटचे पॅनेल हे काम चार चांगल्या दिवसांत करते. सकाळी जोडून संध्याकाळी लग्नाला निघायचे असेल तर त्याच्याकडून आशा धरू नये. तिथे शेजाऱ्याची गाडी आणि जंपर केबल. मोठे पॅनेल घेऊन घाई साधता येते, पण प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहिलेला बरा.

डॅशबोर्डवर ठेवायची चपटी पॅनेल काचेमागून काम करतात. काच उजेड खाते, पॅनेल आडवे असते, आत उष्णता कोंडते. छापील वॅटांपैकी बराच हिस्सा तिथेच विरतो. त्यातल्या अनेकांची तार लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची असते, आणि कित्येक गाड्यांत ते सॉकेट किल्ली बंद केली की मरते. पॅनेलवरचा दिवा इमानाने पेटलेला दिसतो, बॅटरीत मात्र काही जात नाही. सॉकेट किल्लीवाचून जिवंत राहते का, हे आधी मीटर लावून पाहिलेले बरे. नाहीतर फ्यूज असलेली वेगळी तार थेट बॅटरीपर्यंत न्यावी.

पावसाळ्यात सगळे गणित बदलते. कोकणात जुलैच्या दाट ढगाखाली पॅनेल दहाव्या हिश्श्यावरही येते, आणि नेमकी तेव्हाच गाडी जास्त दिवस दारात उभी असते. अशा वेळी पंधरवड्यातून एकदा भिंतीतल्या विजेवरच्या चार्जरने बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, सौर-निष्ठेचा हट्ट धरू नये. कॅनडात किंवा मिनेसोटात राहणाऱ्यांची अडचण निराळी. उतरलेल्या बॅटरीचे ॲसिड इतके पातळ झालेले असते, की ते उणे सात-आठ अंशांनाही गोठू शकते. भरलेल्या बॅटरीचे उणे पन्नासच्याही खाली. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावणे धोक्याचे. आधी ती घरातल्या उबेला वितळू द्यावी, फुगलेली किंवा तडकलेली असेल तर लावूच नये.

सगळ्या शिसे-आम्ल बॅटऱ्या एका मापाच्या नसतात. बुचे नसलेल्या एजीएम बॅटरीत ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते आणि तयार झालेले वायू आतच पुन्हा पाणी होतात. जेल बॅटरीत ॲसिड थिजलेले असते आणि तिला १४.१च्या वर नेलेले खपत नाही. या दोघींत पाणी घालायची सोय नाही, म्हणून जास्त भरण्याची चूक त्या माफ करत नाहीत. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडायचे बटण असते ते याचसाठी. ई-रिक्षात बारा व्होल्टांच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्ट केलेले असतात. त्यांतल्या एकीलाच छोटे पॅनेल जोडून ‘तेवढाच आधार’ देण्याचा विचार सुचतो, पण त्याने ती एक भरलेली आणि तिघी उपाशी अशी फाटाफूट होते. भरायचे तर चौघींना एकत्र, ४८ व्होल्टांच्या कंट्रोलरने. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणाला झटका मशीन लावतात, तिथे जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी बऱ्याचदा कामाला जुंपली जाते. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी घडवलेल्या. रात्रभर थोडे थोडे देऊन सकाळी रिकामे होणे त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. त्या कामाला जाड प्लेटांची, इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी टिकते.

काही बॅटऱ्या उन्हाने सुधारत नाहीत. चार-पाच चांगले दिवस पॅनेल लावूनही रात्रीच्या विसाव्यानंतर मीटर साडेदहाच्या आसपासच रेंगाळत असेल, तर सहातला एक सेल गेलेला असतो. बाकीचे पाच आपले दोन-दोन व्होल्ट देत असतात, आणि कंट्रोलर, ज्याला फक्त बेरीज कळते, १४.४ गाठण्याच्या नादात त्या पाचांना जास्त भरत राहतो. ही बॅटरी चार्जरवर ठेवणेच धोक्याचे. हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासून खात्री करावी आणि ती बदलावी. नवी घेताना जुनी परत दिली की किंमत कमी होते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. आतले ॲसिड गटारात ओतून नुसता डबा भंगारवाल्याला देणे, हे जुने सोपे काम, आता तरी करू नये. जुनी बॅटरी उभीच न्यावी, आडवी नव्हे, आणि दोन्ही टर्मिनलांवर टेप चिकटवून. उतरलेल्या बॅटरीतही पाना लाल करण्याइतकी वीज शिल्लक असते.